हौसेचे सूत

नेरूळला आमच्या घरी शनिवारी दुपारी चार-सहा मंडळी जमतात. कोणी लोकर पिंजतो, कोणी टकळीवर कातीत बसतो, कोणी दोन सुया घेऊन विणतो. वाचक म्हणतील, नवी मुंबईत लोकर! वर्षातले दहा महिने जिथे सदरा अंगाला चिकटतो तिथे स्वेटर हवा कोणाला? शंका रास्त आहे. एका एकादशीला भजन आटोपल्यावर आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी ती जरा कडक शब्दांत बोलूनही दाखविली. ते म्हणाले, "अहो, गोरोबाकाकांनी मडकी घडविली, सावतोबांनी मळा पिकविला, नामदेवरायांच्या घरी शिंप्याचा धंदा. पण ती त्यांची पोटाची कामे होती, आणि त्यांतच त्यांना देव भेटला. तुम्ही पोट भरल्यावर हे करता. याला उद्योग म्हणायचे की चाळा?"

चाळा हा शब्द आम्हांस लागला. तो मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी काम काय असते ते सांगितले पाहिजे. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड. बहुतेक काळी, मधूनच करडी. कातरून आणलेला ढीग घरात आला की प्रथम वास येतो, मग त्यातली कुसळे, गोखरू आणि लेंड्या दिसतात. पोटाखालची आणि शेपटीकडची घाण लोकर वेगळी काढावी लागते. नंतर कढत पाण्यात रिठा घालून ती नुसती बुडवून ठेवायची. कपड्यासारखी चोळली की संपले! लोकर जमून तिचा बुरणूस होतो, मग ती कातता येत नाही. आमचा पहिला घाणा असाच वाया गेला, आणि चूक कोणाची यावर घरात दोन दिवस अबोला होता. वाळविण्याचे दुखणे वेगळेच. खाडीवरची दमट हवा. सज्जात पसरलेली लोकर दोन-दोन दिवस ओली, आणि राखण नसली तर कावळे घरट्यासाठी उचलून नेतात. दोन किलो लोकर निवडून, धुऊन, वाळवून सव्वा किलोच हाती राहिली. मग तारेच्या फण्यांनी ती पिंजायची, म्हणजे केस मोकळे होऊन एका दिशेला लागतात, आणि त्यानंतर कुठे टकळी फिरते. एक धागा कातून होत नाही. दोन धागे एकत्र घेऊन त्यांना उलटा पीळ दिला तरच तो विणताना टिकतो.

पण खरे सांगावयाचे तर, टकळीला गिरकी दिली आणि बोटांतून लोकर सुटत सुटत तिचा धागा होऊ लागला की जो आनंद होतो तो आम्हांस दुसऱ्या कशात क्वचित मिळाला आहे. १९२५ साली रवींद्रनाथांनी चरख्यावर लेख लिहिला. तेच ते काम करीत राहिल्याने माणसाचे मनही यंत्रासारखे होते, असा त्यांचा आक्षेप होता, आणि गांधीजींनी त्यास उत्तरही दिले. तो वाद देशाच्या प्रश्नाचा. आमचा प्रश्न त्याहून फारच लहान. तरी एवढे म्हणतो की शनिवारी दोन तास कातणाऱ्याचे मन बधिर होत नाही, उलट मोकळे होते. मात्र दोन तासच, हे विसरून चालणार नाही. विनोबांचे जन्मगाव गागोदे इथून फार लांब नाही, पेण तालुक्यातच आहे. त्यांनी १९३०नंतरच्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीस असताना दिवसाचे कितीतरी तास कातून, त्याच मजुरीत पोट चालते का हे स्वतःवर करून पाहिले. त्यांचे सूत निराळे, आमचे निराळे. आम्ही कंटाळलो की टकळी ठेवतो आणि चहा टाकतो.

स्नेह्यांच्या शब्दापेक्षा दुसऱ्याच एका शब्दाने आम्हांस अधिक विचारात पाडले. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवितात आणि त्या खताबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात. कर्जतच्या बाजूला अशा एका वाड्यावर आम्ही लोकर मागावयास गेलो. तेथील बाई हसून म्हणाली, "न्या की. टाकूनच देतो आमी." किती द्यायचे, असे विचारले तर म्हणाली, "ह्येचं कसलं पैसं? कातरनीची मजुरी बी निघत न्हाई." आम्ही दोन पोती गाडीत टाकली. परतताना, फुकट मिळाले, म्हणून आम्हांस आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

तो आनंद आता खटकतो. तुकोबारायांच्या पालखीभोवती काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, तेव्हा आपण सारे हात जोडतो. त्याच मेंढ्यांच्या पाठीवरची लोकर बायकांनी कातावी, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर चिंचोक्याची खळ देऊन तिचे घोंगडे विणावे, असा हा संसार होता. गिरणीची स्वस्त ब्लँकेटे आली, मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली, आणि तो मोडत गेला. ज्या कामातून एकाचे पोट सुटले त्यातच दुसऱ्याला गोडी लागली! यात पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. गोडी ही गोडीच. तिला सेवेचे किंवा साधनेचे नाव देऊन मोठे करू नये, आणि रिकामपणाचे म्हणून हिणवूही नये. पण सव्वा किलो लोकरीमागे किती हात लागतात हे आमच्या हातांना कळल्यावर, बाजारात तिला मोल नाही म्हणून आम्हीही ती बिनमोल धरावी काय? अज्ञानात घेतले ते घेतले. कळून सवरून फुकट घेणे आम्हांस जमेना.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. भाव ठरवावा कसा, हा घोळ वाटभर चालला होता. शेवटी निवडण्या-धुण्याला आम्हांस लागलेल्या दिवसांवरून आम्ही एक आकडा धरला. बाईने नोटा मोजल्या, निम्म्या ठेवल्या, निम्म्या परत केल्या. आमचा हट्ट चालला नाही. बरोबर आम्ही विणलेले एक आसन नेले होते. ही लोकर अंगाला टोचते, म्हणून आम्ही तिची बसायची आसनेच करतो, आणि स्वेटरच्या शंकेचे उत्तरही तेच. तिची सासू पालाच्या तोंडाशी बसली होती. म्हातारीने आसन उलटे केले, कडेचा एक धागा चिमटीत धरून उलगडून पाहिला आणि म्हणाली, "पीळ कमी पडलाय, बाबा." मग तिने आमच्या हातातली टकळी मागून घेतली.