भाग जातो, पण कशाने?

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनच्या ६७व्या घातातून एक वजा केला की ही २१ अंकी संख्या मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. सिद्धता दिली नाही. एवढ्या मोठ्या संख्येला भागून बघणार तरी कोण? सव्वादोनशेहून अधिक वर्षे ती यादीत तशीच राहिली.

विभाजक सापडला तर संख्या मूळ नाही, इतकाच तेव्हाचा सरळ हिशेब. गणिती फर्माच्या विचारांमुळे शोध आवाक्यात आला होता: या संख्येला भागणारी मूळ संख्या १३४च्या एखाद्या पटीपेक्षा एकाने मोठीच असणार. उमेदवार घटले, पण भागून पाहण्यातून सुटका नव्हती.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका याने ती वाटच सोडली. त्याच्या कसोटीचे लेहमर या गणितज्ञाने पुढे १९३०च्या सुमारास सोपे केलेले रूप असे: चार घ्या, वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागून उरलेली बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. ६५ फेऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी नाही. मेर्सेनची संख्या ल्युकाच्या हातून नापास झाली. तिला विभाजक आहेत हे ठरले, पण ते कोणते, याचा मागमूस नाही. चोरी सिद्ध, चोर फरार! ‘आहे’ हे कळणे आणि ‘कोणता’ हे कळणे, ही दोन वेगळी ज्ञाने आहेत, हे इतक्या लख्खपणे क्वचितच दिसले असेल.

चोर हाती लागला १९०३ मध्ये. फ्रँक नेल्सन कोल याने न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला, असे सांगतात. किस्सा रंगवलेला असेल. मला मात्र त्यातला फळाच मोलाचा वाटतो. हा गुणाकार शाळकरी पोरगाही तपासू शकेल, पण पहिला अवयव शोधायचा तर १३४ची १४,४५,५८०वी पट गाठावी लागते. (कोल अर्थात एकेक पट मोजत बसला नव्हता.)

या एकतर्फी अवघडपणाचे १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशांसाठी कुलूप केले: गुणाकार जाहीर, अवयव गुप्त. मग २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे हमखास सांगणारी रीत दिली. अंक वाढले तरी तिचा वेळ आटोक्यात राहतो. कुलपाला तिने धक्का लागला नाही, कारण ल्युकाच्या कसोटीसारखीच तीही विभाजक हातात देत नाही. विभाजक काढण्याची तशी झटपट रीत साध्या संगणकासाठी अजून कोणाला गवसलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही.