तराजूत तोललेले रुपे

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-१५



मागच्या प्रभुवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक तरुण जोडपे आम्हास भेटावयास थांबले. नवरा भातगिरणीत हमाली करितो, बायको रोवणीस व कापणीस जाते. दोघे दोन लेकरांसह थोरल्या भावाच्या ओसरीत राहतात. तो म्हणाला, "पाळकसाहेब, गावाबाहेर रस्त्यालगत जागेचा एक तुकडा मिळतो आहे. पाचसहा वर्षांनी तेथे घर बांधू. लाखभर रुपये एक गृहस्थ देतो, शेकडा तीन रुपये महिना. पंधरा दिवसांत इसार द्यावयाचा आहे. घ्यावा की न घ्यावा?" त्या दिवशी आम्ही अर्धेच उत्तर दिले. पुरते येथे देतो, कारण भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांचा हाच प्रश्न आहे.

प्रथम हे सांगू की, ही इच्छा लोभ नव्हे. मालगुजारीच्या दिवसांत या मुलखातील गावोगावी जमिनीवर मालगुजाराचा हक्क असे व गरिबाने त्याच्या मर्जीवर राहावे, अशी रीत होती. १९५१ साली ती पद्धत संपली. ज्यांच्या आजापणजांस स्वतःचा उंबरठा नव्हता, त्यांच्या नातवांनी तो मागावा यात वावगे काय? विश्वासूंचा पिता अब्राहाम यानेही वचनाच्या देशात पहिली जमीन फुकट घेतली नाही. वेशीत सर्वांसमक्ष चारशे शेकेल रुपे मोजून दिले.

आता यिर्मयाकडे पाहा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा दिला आहे, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो चुलतभावाकडून अनाथोथचे शेत विकत घेतो! त्याची श्रद्धा मोठी खरी. परंतु तिने व्यवहारात एकही पायरी गाळली नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

पहिली पायरी : त्याने सतरा शेकेल रुपे तराजूत तोलले. ते रुपे त्याच्यापाशी होते. आमच्या तरुण मित्राच्या कर्जाचेही आपण वजन करू. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे एका लाखावर वर्षास छत्तीस हजार रुपये केवळ व्याज. तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच व्याज मुद्दलाएवढे होईल, आणि मुद्दल जागच्या जागी राहील. पाचसहा वर्षांनी बांधावयाच्या घराच्या विटा अशा रीतीने आजच विकल्या जातात. शिवाय असा सावकार पुष्कळदा तारण म्हणून खरेदीखतच आपल्या नावे करून घेतो. परवान्यावाचून सावकारी करणे २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तथापि गरजवंताचे तोंड बंद असते.

मग पैसा कोठून आणावा? बुरुज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मांडावा, असे प्रभूने शिकविले. किमतीचा मोठा भाग स्वतःच्या बचतीतून जमवावा. उरलेल्यासाठी बचत गट, सहकारी पतसंस्था वा बँक यांकडे जावे. बँका घरासाठीचे कर्ज बहुधा अकृषिक जागेवरच देतात, शेतावर देत नाहीत, हे आधीच जाणून असावे. बँक दहा कागद मागते म्हणून आपण कुरकुरतो. परंतु ती तपासणी आपलेच रक्षण करिते. ज्यांचे नाव सरकारी घरकुलाच्या यादीत असून जागा नाही, त्यांस जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे. तिची चौकशी पंचायत समितीत करावी. आणि मुद्रांक, नोंदणी व मोजणी यांचा खर्च किमतीहून निराळा बाजूस ठेवावा.

दुसरी पायरी : त्याने साक्षीदार बोलाविले व खत लिहिले. येथे आम्हास आमचीच चूक कबूल केली पाहिजे. तरुणपणी आम्ही एका जागेसाठी चाळीस हजार रुपये इसार साध्या कागदावर दिला. सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या दोन बहिणींची नावे होती; आम्ही सातबारा पाहिलाच नाही. बहिणींनी संमती दिली नाही, आणि ते योग्यच होते. आमचा पैसा मात्र परत आला नाही. यास्तव सातबारा व फेरफार आधी काढावे. जो शेतकरी नाही त्याने शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत. भोगवटादार वर्ग २ ची व आदिवासी बांधवांची जमीन परवानगीवाचून घेता येत नाही. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहे, त्याचे नियम वेळोवेळी बदलतात. ते तलाठ्यास विचारावे. नाबोथाचा मळा हिसकावून अहाबास सुख लाभले नाही, हे विसरू नये.

जागाही डोळ्यांनी पाहावी, आणि वैशाखात नव्हे तर श्रावणात. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा कोठवर चढली होती, हे शेजाऱ्यांस विचारावे.

तिसरी पायरी : बारूखाने ती खते मातीच्या भांड्यात ठेविली, की ती पुष्कळ दिवस टिकावी. आपणही खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे, फेरफार होईपर्यंत पाठपुरावा करावा, आणि खतावर पतीबरोबर पत्नीचेही नाव घालावे. रोवणीच्या चिखलात तिची कंबर वाकली आहे. छप्पर तिचेही असो.

म्हणून त्या तरुण मित्रांस आमचे उत्तर हे : पंधरा दिवसांत इसार देऊ नका. तो तुकडा कदाचित हातचा जाईल, आणि भावाच्या ओसरीत आणखी काही पावसाळे काढावे लागतील. हे सोपे नाही, आम्ही जाणतो. परंतु यिर्मयाने ते शेत स्वतः भोगले नाही, तरी त्याची आशा फुकट गेली नाही. त्या देशात घरे व शेते पुन्हा विकत घेतली जातील, असे अभिवचन त्यास मिळाले होते. ज्या देवाने त्यास धीर दिला, तो तुम्हासही देवो. आणि मंडळीने केवळ उपदेश करून थांबू नये. ज्यांस कागद वाचता येतात त्यांनी या दोघांबरोबर तलाठ्याकडे जावे. येत्या सोमवारी आम्हीही बरोबर असू.

आमेन.