तळघरातला श्रावण

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी घरांच्या तळघरात काय काय सापडेल याचा नेम नाही. गणपतीचं मखर, भारतात न्यायच्या बॅगा, कपडे वाळत घालण्यापुरती उरलेली ट्रेडमिल. आमच्या परिचयाच्या एका काकांनी मात्र निवृत्त झाल्यावर अर्धं तळघर रिकामं केलं, भिंतीशी लांबलचक टेबल लावलं आणि जलरंगांचा स्टुडिओ थाटला. उरलेल्या अर्ध्यात घर तापवणारी फर्नेस होती आणि तिच्या आजूबाजूला काकूंचं राज्य.

काका मूळ सावंतवाडीचे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा त्यांनी चांगल्या श्रेणीत काढल्या होत्या. 'ग्लो ऑफ होप' काढणारे सावळाराम हळदणकर 1882 साली आपल्याच गावात जन्मले, हे त्यांचे ड्रॉइंग मास्तर दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे. हातातल्या दिव्याचा उजेड बाईच्या चेहऱ्यावर पडलेलं ते चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगात आहे, यावर मास्तरांचा विशेष भर. तेलरंगात चुकलं तर खरवडता येतं, जलरंगात कागद सगळं लक्षात ठेवतो, असं ते म्हणत. पण घरची परिस्थिती बेताची. काका इंजिनिअर झाले, अमेरिकेला आले आणि नेपरव्हिलच्या बेल लॅब्जमध्ये लागले. 1966 मध्ये उघडलेल्या या इंडियन हिल केंद्रातच '5 ईएसएस' हे टेलिफोन एक्स्चेंज घडलं. तिथे त्यांचं आयुष्य एकाच कामात गेलं: बिघाड कुठे आहे तो शोधायचा आणि काढून टाकायचा.

चित्रातही ते तसेच शिस्तीचे. आदल्या रात्री जाड कागद टबात भिजवायचा, लाकडी फळीवर गमटेपनं चारी बाजूंनी ताणून बसवायचा, सकाळपर्यंत तो ढोलाच्या कातड्यासारखा तट्ट होतो. मग मोठ्या चपट्या ब्रशनं पुन्हा पाणी फिरवायचं. कागदावरची चमक किंचित उतरली की अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून केलेला ढगाळ राखाडी रंग वरून सोडायचा आणि फळी तिरकी धरायची. पुढचं काम पाणी करतं. रंग पसरतो, विरतो, कुठे साचतो, आणि गावच्या मोती तलावावर आषाढ उतरतो. सावंतवाडीला पावसाळ्यात असा ओला कागद चहा पिऊन येईपर्यंत ओलाच राहायचा.

काकांना मोती तलावच काढायचा होता. पाऊस, समोरचा राजवाडा, पाण्यातलं थरथरणारं प्रतिबिंब. चाळीस वर्षं मनात धरून ठेवलेलं चित्र. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जानेवारीत ते कामाला लागले.

जमेना. रंग सोडला की तो पसरायच्या आतच वाळायचा. ढगांना कात्रीनं कापल्यासारखी कड यायची. दुसरा वॉश घ्यावा तर पहिल्याच्या काठावर पाणी साचून फुलकोबीसारखा डाग पडायचा. आधी त्यांनी कागदाला दोष दिला आणि महागडा कागद आणला. मग ब्रश बदलले. शेवटी इंजिनिअर जागा झाला आणि त्यांनी भिंतीवर आर्द्रतामापक लावला. काटा अठरावर. कारण लपलेलं नव्हतं. बाहेरच्या उणे 10 अंशांच्या हवेत मुळात बाष्प जेमतेम असतं. तीच हवा फर्नेसमधून वीस अंशांची होऊन आली की तिच्याइतकं तहानलेलं दुसरं काही नसतं. ती ओठांतलं, फर्निचरमधलं, कागदावरचं पाणी मिळेल तिथून ओढून घेते.

बिघाड सापडला होता, आता काढायचा. काकांनी ह्युमिडिफायर आणला, मग त्याहून मोठा. कागदाखाली ओला टॉवेल, हाताशी पाण्याचा फवारा, रंगात ग्लिसरीनचे थेंब. काटा पन्नाशीच्या वर गेला. तळघराच्या चिमुकल्या खिडकीवरून पाण्याचे ओघळ वाहू लागले आणि कोपऱ्यात भिंतीला दमट वास आला. चित्रं जरा सुधारली, म्हणजे वाईटाची मध्यम झाली. ग्लिसरीनमुळे काही तर आठवडाभर चिकट राहिली.

आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी काकू परात घेऊन स्टुडिओत आल्या. परातीत कोहळ्याचे सांडगे, आणि त्यांवर हिरवट बुरशी.

"अहो, तुमच्या त्या यंत्रानं माझे सांडगे नासले."

काकांनी मान वर न करता विचारलं, "सांडगे कधी पौष-माघात घालतात का? गावी आई वैशाखात घालायची."

"गावी वैशाखात ऊन असायचं म्हणून वैशाखात. इथे मेमध्ये घातले तर पावसात भिजतात, जुलैत घातले तर आंबतात. ही फर्नेस जानेवारीत दोन दिवसांत खडखडीत वाळवून देते. सतरा वर्षं मी जानेवारीतच घालतेय आणि तुम्ही ते खाताय. तुम्हीच इथे हा कसला श्रावण लावून बसलायत?"

काकूंनी परात कचऱ्याच्या पिशवीत उपडी केली आणि जाता जाता ह्युमिडिफायरचं बटण बंद केलं. काकांनी ते पुन्हा लावलं नाही. थोडा राग होता, हे खरं. पण दुपारपर्यंत काटा खाली आला, आणि टेबलावरच्या वाया गेलेल्या कागदांपैकी एक उलटा करून त्यांनी सहज ब्रश आडवा ओढला. ब्रशमध्ये पाणी नावापुरतं. कागदाच्या उंचवट्यांवर तेवढा रंग बसला, खाचा पांढऱ्या राहिल्या. खरखरीत, तुटक रेघ. ती ओकच्या सालीसारखी दिसत होती. सावंतवाडीत असा ड्रायब्रश त्यांना कधीच साधला नव्हता; तिथल्या हवेत कागदच पुरता कोरडा होत नसे.

दुसऱ्या दिवशी ते रिव्हरवॉकवर गेले. नेपरव्हिलला वस्ती होऊन दीडशे वर्षं झाली म्हणून 1981 मध्ये डुपेज नदीच्या काठानं विटांचा हा रस्ता बांधला. इतकी वर्षं त्यांनी तिथे पाहुणेच फिरवले होते. त्या थंडीत रंगवणं अशक्य, ब्रशमधलं पाणीच गोठतं. म्हणून हातमोजे घालून पेन्सिलीनं आराखडे काढले आणि कडेला रंगांची नावं लिहिली: जांभळट, राखेचा, उसाच्या रसाचा. बर्फावर पडलेल्या झाडांच्या सावल्या त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिल्या. निळ्या, आणि काठ अगदी सुरीनं कापलेला. घरी येऊन सावलीचा एकच वॉश घेतला. तो मिनिटभरात वाळला आणि ज्या कडेनं त्यांना महिनाभर रडवलं होतं ती जागच्या जागी बसली. बर्फाला रंग लावायचाच नव्हता. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. मागे बहात्तर घंटांचा मोझर टॉवर चार रेघांत उभा राहिला.

यातली गंमत अशी की हाच धडा काकांच्या डोळ्यांसमोर कित्येक वर्षं टांगलेला होता. पाहुणे आले की ते त्यांना लोकलनं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला नेत. तिथे मोनेनं 1890-91 मध्ये काढलेल्या गव्हाच्या गंज्यांची सहा चित्रं आहेत. उन्हातल्या गंज्या, बर्फातल्या गंज्या. उजेड बदलला की मोने हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घेई. सकाळचं चित्र संध्याकाळी रेटत बसत नसे. काका हे पाहुण्यांना तोंडपाठ सांगत. मोनेला जे पटवता आलं नाही ते बुरशी आलेल्या सांडग्यांनी पटवलं.

मोती तलाव मात्र सुटला नाही. इलिनॉयमध्ये जुलै उजाडला की मक्याची शेतं एकरी दिवसाला 11 ते 15 हजार लिटर पाणी हवेत सोडतात. घाम वाळत नाही, दारं फुगून चौकटीत अडकतात, आणि काकूंच्या डब्यातलं मीठ दगड होतं. त्या महिन्यात काका तळघरातला डिह्युमिडिफायर चार दिवस बंद ठेवतात (काकूंची लेखी नसली तरी तोंडी परवानगी घेऊन), गॅरेजचं दार उघडून टेबल तिथे मांडतात आणि कागद भिजवतात. तिसऱ्या जुलैत राजवाड्याचं प्रतिबिंब मनासारखं हललं.

ते चित्र दिवाणखान्यात आहे. गेल्या संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेले एक गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. तेही तळकोकणातलेच. म्हणाले, "काका, अगदी असंच एक मला हवंय. पुढच्या महिन्यात आईचा पंचाहत्तरीचा वाढदिवस आहे."

"जुलैत या," काका म्हणाले.

"फोटो देतो ना. फोटोवरून तर कधीही काढता येईल."

काका त्यांना खाली घेऊन गेले. कागदाच्या कपट्यावर पाणी फिरवलं, राखाडी रंगाचा थेंब सोडला आणि कपटा त्यांच्या हातात दिला. गृहस्थ फोटोचं पुढचं वाक्य बोलेपर्यंत थेंबाला काळी कड आली होती. ते हसले आणि नदीची, बर्फाची चित्रं चाळू लागले. त्यातलं एक बाजूला काढलं, पुन्हा ठेवलं. शेवटी आईला तलावच हवा असं ठरवून त्यांनी जुलैच्या चित्राचे आगाऊ पैसे द्यायला पाकीट काढलं.

काकांनी तेही जुलैवर ढकललं.