पुस्तकांची किंमत कोणी दिली?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज पुस्तकांचे कपाट आहे. पाहुणा आला की आपण ते अभिमानाने दाखवितो. एकदा त्या कपाटापुढे एकटेच उभे राहून स्वतःला विचारा, ह्या पुस्तकांची किंमत कोणी दिली? मागच्या पानावर छापलेल्या किमतीविषयी मी बोलत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या बालपणाची गोष्ट आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. परळच्या चाळीतली ती एकच खोली, पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठविणारे सुभेदार रामजी. टाळ्या पडतात. परंतु भीमरावाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, म्हणजे पेन्शनीवर जगणारे सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात. रोख पैसे नसतील तर मुलीचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आल्यावर सुटे. हे मात्र आपण ओझरते सांगून पुढे जातो. मंजुळा आणि तुळसा ही त्या बहिणींची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? १९१३ साली कोलंबियाला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाटेवर बडोद्याच्या शिष्यवृत्तीच्या कितीतरी आधी हा दागिना आहे.

दुसऱ्यांना का बोलावे? माझेच सांगतो. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो. बाप गिरणीत साचेखात्यात. त्याची रातपाळी असली की दिवसा खोलीत कोणी मोठ्याने बोलायचे नाही. मला ते फार सोयीचे वाटे, वाचायला शांतता मिळे! रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने पुस्तके आणायची आणि रात्री पॅसेजमधल्या दिव्याखाली बसायचे. मला पाणी भरावे लागत नसे, रेशनच्या रांगेत उभे राहावे लागत नसे. ते सर्व थोरली बहीण, आमची आक्का, करी. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर धुण्याभांड्यांना जाऊ लागली. रद्दीवाल्याचे पैसे कधी बापाने दिले, कधी तिने.

एकदा तिने माझ्या हातातले पुस्तक पाहायला मागितले. मी म्हणालो, "तुला कळणार नाही त्यातलं." ती काही बोलली नाही, चुलीकडे वळली. आणखी एक सांगून टाकतो. कॉलेजातले मित्र यायचे असले की मी तिला सांगून ठेवीत असे, तू मध्ये बोलू नकोस, तुझी भाषा गावठी आहे. ही अक्कल मला अडाण्यांनी शिकविली नव्हती. ती पुस्तके वाचूनच आली होती.

विषमतेविरुद्ध भाषण करणारा तरुण घरात कोणती उतरंड उभी करीत होता, ते पाहा. वाचणारा वर, वाचू न शकणारा खाली! ब्राह्मण्य केवळ जन्माने येते असे मानणाऱ्यांनी ह्या खोलीत येऊन पाहावयास हवे होते. विद्येला शील नसेल तर ती घातक ठरते, असे बाबासाहेब वारंवार सांगत. मी ते वाक्य वहीत उतरवूनही घेतले होते.

अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात भगवंतांनी आईबापांच्या ऋणाविषयी सांगितले आहे. शंभर वर्षे आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर वाहिले तरी ते ऋण फिटत नाही. परंतु जो त्यांना श्रद्धेत, शीलात, दानात आणि प्रज्ञेत स्थिर करतो, तो ते फेडतो. बहिणीचा उल्लेख तेथे नाही, पण ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांत ती नाही असे कोण म्हणेल? आपण मात्र पगारातले पैसे पाठवितो, सणाला लुगडे घेतो आणि फेड झाली असे समजतो. मीही तेच केले. प्रज्ञेतला वाटा दिला नाही, कारण त्यात काही देण्यासारखे आहे हेच मला कधी सुचले नाही.

१९८२ च्या संपात बापाची गिरणी गेली आणि आमचे घर पांगले. आक्का आता म्हातारी झाली आहे. तिच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाचे रोज वाचन होते. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा चष्मा लावून तीच वाचीत होती. तिला वाचायला कोणी बसविले, हे मी विचारले नाही. मी बसविले नव्हते एवढे मला ठाऊक आहे. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ ह्या शब्दाशी ती अडखळली. माझ्या ओठांवर तो शब्द आला होता. समोरच्या बाया थांबून राहिल्या. तिने ओळीवर बोट ठेवले, एकेक अक्षर जुळविले, आणि पुढे वाचू लागली.