ताण कुठे जातो?

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा खलाशी २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला माणूस. त्याला ३१२ दिवस लागले. त्याची ‘सुहैली’ अवघी ३२ फुटांची, सागवानी, आणि बांधलेली आपल्या मुंबईत.

अशा छोट्या लाकडी होडीत शीड आवरणाऱ्या दोरीला शीट म्हणतात. वारा भरला की ती इतकी ताणली जाते की नुसत्या हाताने धरवत नाही. म्हणून तिला विंचच्या उभ्या ड्रमभोवती वेढे देतात. दोरी आणि धातू यांच्यातला घर्षणांक ०.२ धरला, तर तीन वेढ्यांनी हातावरचा ताण साधारण चाळीस पटींनी कमी होतो. म्हणजे दोरीत १०० किलोचा ताण असला, तरी हाताला जेमतेम अडीच किलो जाणवतो.

उरलेले साडेसत्त्याण्णव किलो कुठे जातात?

ते ड्रममधून विंचच्या बैठकीत, बैठकीतून बोल्टांत आणि बोल्टांतून डेकच्या लाकडात उतरतात. शिवाय दोरी डेकच्या थोडी वरून ओढत असते. त्यामुळे विंच नुसता सरकू पाहत नाही, उलटूही पाहतो, आणि ओढीच्या विरुद्ध बाजूचे बोल्ट उपसले जाऊ लागतात. म्हणून विंच नुसत्या स्क्रूवर बसवत नाहीत. बोल्ट डेकच्या आरपार घालतात. खालून जाड फळी किंवा धातूची प्लेट लावतात, म्हणजे ताण एका भोकाशी न साचता बऱ्याच लाकडावर पसरतो. भोकातून पाणी मुरून लाकूड कुजू नये म्हणून ते नीट बुजवतात. आणि नटापर्यंत पाना पोचेल एवढी जागा ठेवतात, म्हणजे अधूनमधून तपासता येतं. वरून यातलं काहीच दिसत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. ‘वापरणाऱ्याला सोपं झालं पाहिजे’ हे आमच्या धंद्याचं ब्रीद. पण सोपं होतं म्हणजे बहुतेक वेळा ताण आपल्या हातातून निघून डेकखाली जातो. दहा मिनिटांत दूध दारात येतं, तेव्हा आपण फक्त एक बटण दाबलेलं असतं; सिग्नलवरची घाई दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलेली असते. आपली कामं हलकी करणाऱ्याचं आपण काही देणं लागतो का?

आंबेगाव तालुक्यात हा प्रश्न पाण्यावर दिसतो. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे, आणि या प्रकल्पाचं पाणी पुणे जिल्ह्याबाहेर नगर-सोलापूरपर्यंत जातं. या पाण्याने जुन्नर-आंबेगावात बागायत फुलली, कोरडवाहू घरांतली पोरं शिकली. ते खोटं नाही. आणि हा ताण ज्यांनी घेतला, त्यांत डोंगरातली महादेव कोळी कुटुंबं मोठ्या संख्येने होती, हेही खोटं नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं, की कुणाला तरी ओझं घ्यावंच लागतं. बरोबर आहे. डेकशिवाय विंच बसत नाही. पण म्हणूनच तो कसा बसवला हा प्रश्न उरतो. ताण पसरवला, की सगळ्यांत कमजोर फळीवर सोडला? पुढे कधी वाकून पाहिलं का?

इथे होडीचा दाखला दोन जागी अपुरा पडतो. पहिली गोष्ट, लाकडाला विचारावं लागत नाही, माणसाला विचारावं लागतं. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. खलाशी डेकखाली वाकून बघतो, त्यात त्याचा स्वार्थ असतो. विंच उपसला तर भर समुद्रात त्याचाच जीव धोक्यात येणार. समाजात तसं नाही. गाव बुडालं तरी आपला नळ चालू राहतो. डिलिव्हरीवाला पोरगा घसरून पडला तर दुसरा येतो, आपल्याला फार तर पाच मिनिटं उशीर होतो. ताण घेणारा मोडला तरी ती मोड आपल्यापर्यंत पोचत नाही. जिथे स्वार्थ सावध करत नाही, तिथे नीतीची गरज सुरू होते.

डिंभ्याच्या विस्थापितांपैकी काहींनी पुढे संघटित होऊन त्याच जलाशयात मासेमारी सुरू केली. ज्या पाण्याने जमीन नेली, त्याच पाण्यात त्यांनी आपला वाटा मागितला. तो वाटा मागावा लागला, हे मला खटकतं. विंच बसवणारा खालची प्लेट आधी लावतो, मग दोरी ताणतो. फळीला तडा गेल्यावर प्लेट शोधायला निघत नाही.