तुरी आणि सायकल

बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरच्या चढावर एक मुलगा राहत होता. पहाटे तो चालत मार्केट यार्डात जाई आणि एका अडत्याच्या गाळ्यावर काम करी. संध्याकाळी रात्रशाळेत बसे.

एकदा गुरुजींनी वर्गात विचारलं, "अंडी फुटण्याआधी पिल्लं मोजू नका, असं इंग्रज म्हणतात. आपण काय म्हणतो?"

मुलगा ताडकन उठला. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

"शाबास," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुरंदरचा एक शेतकरी गाळ्यावर आला. सोबत बायको होती आणि तुरीच्या शेंगांची पोती होती. भाव अजून फुटला नव्हता. दोघं पोत्यांशेजारी वाट बघत बसली.

"यंदा फवारणीचा पंप घ्यायचा," शेतकरी म्हणाला.

"अहो, आधी घरावरचे पत्रे बदला!"

बोलता बोलता आवाज चढले. मुलानं कालची म्हण सगळ्यांना ऐकू जाईल अशी ठणकावली. हमाल हसले. शेतकरी ओशाळला आणि गप्प झाला.

त्या दिवशी शेंगांची आवक फार झाली. भाव उतरला. हाती आलेल्या पैशांत ना पंप येत होता, ना पत्रे.

शेतकरी पट्टी घ्यायला थांबला होता, तेवढ्यात मुलाचा धाकटा भाऊ डबा घेऊन आला.

"दादा, सायकल घेतलीस की पहिली फेरी माझी. पार गंगाधामपर्यंत जाणार."

"हात लावायचा नाही सायकलला!"

"लावणार!"

मुलानं भावाच्या पाठीत धपाटा घातला. धाकटा रडू लागला. शेतकऱ्यानं त्याला जवळ घेतलं आणि मोठ्याला विचारलं, "सायकल कुठं हाय, पोरा?"

"अजून घ्यायचीय, काका."

"पैसे साठवलेत?"

"नाही. पाडव्याला शेठ पगार वाढवणार आहेत."

"तसं म्हणाले का शेठ?"

"काम बघून ठरवू, म्हणाले."

शेतकऱ्यानं पट्टी घडी करून खिशात ठेवली.

"पोरा, आमच्या तुरी निदान बाजारात तरी पोचल्या हुत्या."

मुलाची मान खाली गेली. त्यानं डबा उघडला आणि पहिली भाकरी भावाच्या हातावर ठेवली.

तात्पर्य : म्हणीचा अर्थ सांगता येणं सोपं असतं. ती आधी स्वतःला लावून पाहतो, त्यालाच ती खरी कळते.