माशांची पत्रिका

लग्न जुळवण्याच्या कामी आपल्या पूर्वजांनी जेवढं डोकं चालवलं, तेवढं दुसऱ्या कुठल्या कामी चालवल्याचं मला तरी दिसत नाही. छत्तीस गुण, आठ कूटं, नाडी, गण, सगळं मोजून-मापून. त्यातल्या योनिकूटाला चार गुण असतात. प्रत्येक नक्षत्राला एकेक जनावर नेमून दिलेलं : घोडा, हत्ती, मेंढा, साप, कुत्रा, मांजर, उंदीर, गाय, रेडा, वाघ, हरीण, माकड, मुंगूस आणि सिंह. वर उंदीर निघाला आणि वधू मांजर, की चारापैकी शून्य. (अशी शून्य गुणांची जोडपी पुढे सुखाने नांदताना मी पाहिली आहेत. उंदराने बिळाबाहेर यायचंच नाही असं ठरवलं की झालं!) पण गंमत बघा, चौदा जनावरांना आमंत्रण गेलं आणि माशाला मात्र वगळलं. मासा आपला नदीत असायचा. कोणाशी पटवून घ्यायचं आणि कोणापासून चार हात लांब राहायचं, हे त्याचं तो बघून घ्यायचा.

मग माणसाने काचेची टाकी केली आणि ही पत्रिका बघण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली.

आमच्या घरी हे खातं भाच्याकडे आहे. आम्ही राहतो जांभूळला. 'जांभूळ' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर झाड येतं, गाव येत नाही. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिघांच्या मधोमध, उल्हास नदीच्या काठी आमचं गाव आहे. १९७२ साली बांधलेल्या बारवी धरणाचं पाणी एमआयडीसी आमच्या गावात शुद्ध करते आणि मग ते दूरदूरच्या नळांना जातं. या शुद्धीचा आम्हाला फार अभिमान. पण भाच्याने सांगितलं, की नळाचं हे पाणी थेट टाकीत ओतलं तर त्यातल्या क्लोरीनने मासे मरतात. ते एक दिवस उघड्या बादलीत 'शिळं' करावं लागतं. माणसांसाठी जे शुद्ध, ते माशांना सोसत नाही. सोवळ्यातल्या माणसांच्या सहवासात माझंही असंच होतं.

असो. मुद्दा सोबत्यांचा. भांडखोर माशांना सोबती निवडण्याचं शास्त्र वाटतं तेवढं अवघड नाही. निम्मं तर तोंडाच्या मापावर चालतं. जो तोंडात मावतो तो सोबती नव्हे, तो खाऊ. ऑस्कर नावाचा दक्षिण अमेरिकेतला मासा दुकानात बोटाएवढा असतो, गोंडस असतो, मालकाला ओळखतो. मग तो वाढता वाढता फूटभर होतो आणि एके दिवशी सकाळी टाकीतले गप्पी मासे मोजणीत येत नाहीत. कौटिल्याने याला 'मात्स्यन्याय' म्हटलं आहे : दंड धरणारा कोणी नसला की मोठा मासा लहानाला खातो. आमच्या टाकीत दंड म्हणजे भाच्याच्या हातातली जाळी. आणि राजाला अकरावीचे क्लास असतात!

पण खरे प्रश्न तोंडात न मावणाऱ्यांचे. टायगर बार्ब हा पट्टेवाला मासा तसा चिमुकला, पण एंजल माशाचे लांब, झुळझुळीत पर दिसले की त्याला राहवत नाही, जाऊन कुरतडतो. यावर इलाज काय, तर बार्ब कमी करू नका, वाढवा. आठ-दहा एकत्र ठेवले की ते आपापसांत मानपान काढत बसतात आणि इतरांना बरीच उसंत मिळते. आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत मी हे तत्त्व दरवर्षी प्रत्यक्ष बघतो. फायटर मासा तर दुसऱ्या फायटर नराला बघूच शकत नाही, त्याला आरशातला स्वतःसुद्धा चालत नाही. आणि फ्लॉवरहॉर्न! १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून काढलेला हा मासा. कपाळावर ही एवढी टेकडी, आणि ती जितकी मोठी तितकी घराची भरभराट, अशी समजूत. त्याला एकट्यालाच ठेवावं लागतं. भरभराट झालेल्यांचं हे असंच असतं.

बाकीचे नियम कोणत्याही अनुभवी आजीने सांगितले असते. रंगारूपाने सारखे दोन एकत्र ठेवू नयेत. सारख्यालाच सारख्याचा हेवा वाटतो. एक तळाशी राहणारा, एक मधला, एक वरचा, असे मजले वाटून द्यावेत. सगळ्यांत तापट असेल त्याला सगळ्यांत शेवटी आणावं. नवा मासा सोडताना आतले दगड हलवून टाकावेत, म्हणजे जुन्यांची वतनं बुडतात आणि सगळेच एकदम निर्वासित होतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले मासे तर मुद्दाम दाटीने ठेवतात. एवढ्या गर्दीत एकाच्याच मागे लागता येत नाही. राग वाटला जातो. बदलापूर लोकलमध्ये चढणाऱ्याला याचं स्पष्टीकरण नको.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. गाडी अडली ती भाच्याच्या कन्व्हिक्ट जोडीपाशी. कन्व्हिक्ट म्हणजे अंगावर कैद्यासारखे पट्टे असलेले मासे. जोडी जमली, दोघांनी मिळून दगडाची कपार साफ केली, आणि मग टाकीत दुसरं कोणी नाही असं पाहून नराने मादीला असं काही हाणायला सुरुवात केली, की ती बिचारी हीटरच्या मागे उभीच्या उभी लपून राहू लागली. भाचा उल्हासनगरच्या दुकानात गेला. तिथले सिंधी शेठ या धंद्यात मुरलेले. ते म्हणाले, "साई, बीच में एक छोटा मछली डालो. दोनों उसको मारेगा. शादी टिकेगा." अशा माशाला शास्त्रात 'टार्गेट फिश' म्हणतात. किंमतही किरकोळ.

भाचा घरी आला आणि मला म्हणाला, "मामा, आणू का?"

वाटतो तेवढा हा साधा प्रश्न नाही. नराला दोष द्यावा तर तो काय करणार? नदीत असता तर मादी पळून गेली असती आणि दहा हातांवर त्याचा राग संपला असता. पळायला जागा नाही ती आपण दिलेली नाही म्हणून. म्हणजे भांडण त्याचं, पण भिंती आपल्या. आणि आता त्या भिंतींचं व्याज तिसऱ्याच कोणीतरी भरायचं.

मला आत्याची आठवण झाली. वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आमचं घर एकत्र. वडील, काका, दोन्ही जावा, आम्ही सहा मुलं. आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. आळीत रामलक्ष्मणाची जोडी म्हणून वडिलांचा आणि काकांचा दाखला देत. दूध उतू गेलं, आत्याचं लक्ष कुठे होतं? काकांना कचेरीत साहेब बोलला, तर सदऱ्याचं बटण आत्याने का नाही लावलं? आई काकूवर चिडली की आत्याला बोलायची आणि काकू आईवर चिडली की आत्यालाच. आत्या "हो, माझंच चुकलं" म्हणून तांदूळ निवडत बसायची. मी आठवीत असताना ती गेली. पुढच्या दिवाळीला आमच्या घरात दोन चुली होत्या. तांब्याच्या एका बंबावरून भाऊ भाऊ कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले. लोक हळहळले, म्हणाले, कोणाची दृष्ट लागली.

आत्याची किंमतही तशी किरकोळच होती. दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी.

कोनराड लोरेंत्स नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने (यांना पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला) १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात हाच प्रसंग आहे, आणि मासेही आपल्या दक्षिण भारताकडचे : पिवळे एट्रोप्लस. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात, त्याचे हे धाकटे भाऊबंद. टाकीत बरीच बिऱ्हाडं होती तोवर नवरे शेजाऱ्यांवर धावून जात आणि घरी गुण्यागोविंदाने राहत; शेजारी काढून घेतले की बायकोवर उलटत. लोरेंत्स यांनी सुचवलेला तोडगा मला फार आवडला. मोठ्या टाकीच्या मधोमध काच घालायची आणि दोन बाजूंना दोन जोड्या ठेवायच्या. नवऱ्यांनी काचेतून शेजाऱ्याला मनसोक्त शिव्या घालाव्यात. कोणाचा खवलाही हलत नाही. एकच पथ्य. काचेवर शेवाळ चढलं आणि शेजारी दिसेनासा झाला, की घरात पुन्हा कुरबुर सुरू. मग काच पुसायची.

भाच्याला मी हे सांगितलं. त्याने हिशेब केला. छोटा मासा काही रुपयांत येत होता. मोठी टाकी, मधली काच आणि दुसरी जोडी धरून खर्च त्याच्या दोन वाढदिवसांएवढा होत होता. त्याने शेठना फोन करून विचारलं, शेठ हसले, म्हणाले, "एक मछली के लिए इतना?" भाचा म्हणाला, "हो." मला वाटतं, त्या एका शब्दासाठी मी उरलेले पैसे घातले.

आता हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे, टीव्ही सरकवावा लागला. दोन्ही नर सकाळी सहापासून काचेला नाक लावून एकमेकांचा उद्धार करत असतात, आणि मागे दोन्ही माद्या कपारीत अंडी राखत निवांत बसलेल्या असतात. आमची ही म्हणते, खिडकीकडच्या बाजूला ऊन येतं, तिकडे शेवाळ लवकर धरतं, तेव्हा रविवारी तिकडची काच आधी घास.